ओस्मुंडचं ओझं

गुरुवार, १० जुलै २०१४

रक्तदाब १६०/९५. दवाखान्यातल्या बाईंनी ही वही फक्त आकड्यांसाठी दिली होती. पण सहा वर्षांपूर्वी माझी बायको रेजिना गेली तेव्हापासून घरात बोलायला कोणी नाही, त्यामुळे आकड्याखाली चार ओळी खरडायची मला खोड लागली आहे. आज आकडा चढला त्याला कारण आहे. ओस्मुंड गेला.

सकाळी त्याच्या धाकट्या भावाचा, गाउडेन्सचा, फोन आला. ते न्गोनी जमातीचे, मी हेहे जमातीचा. "हेहे, तुझं गिऱ्हाईक गेलं रे. ये, कामाला लाग." मीही रीत सोडली नाही. म्हणालो, "चला, एक न्गोनी कमी झाला. देशातला गोंगाट निम्म्यावर आला."  फोन त्यानंच ठेवला.

काम म्हणजे थट्टेचं काम. आमच्या पणज्यांनी एकमेकांची डोकी फोडली आणि आमच्या वाट्याला हे थट्टेचं नातं ठेवून गेले. उतानी. हेहेनं न्गोन्याला वाटेल ते बोलावं, न्गोन्यानं हेहेला, आणि रागवायचं कोणीच नाही. मयताच्या घरी तर ते चुकवताच येत नाही. गावात माझ्या वयाचा दुसरा हेहे उरलेला नाही. तेव्हा मेलेल्याचा कोट अंगात घालून त्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं आणि कोंबडी हातात पडेपर्यंत खड्डा अडवून बसायचं, हे सगळं आता माझ्या या गुडघ्यांवर आलं आहे.

मला जावंसं वाटत नाही. कोट फार जड आहे त्याचा.

शुक्रवार, ११ जुलै

दिवसभर तिकडेच होतो. अंगणात ताडपत्री ताणली आहे, बायका मक्याच्या पिठाची उगाली ढवळताहेत, आमच्या सोंगेआकडची जुलैतली थंडी हाडात शिरते आहे. मी गेल्या गेल्या ओस्मुंडचा लष्करी ओव्हरकोट घातला, त्याची शिट्टी गळ्यात अडकवली आणि रडणाऱ्या बायकांना रांगेत उभं केलं. "सावधान! नाकं पुसा! डावीकडून मोजा!" त्या रडता रडता हसायला लागल्या. तो हेच करायचा, बकऱ्यांना, कोंबड्यांना, एकदा तर बिशपच्या गाडीमागे आलेल्या नन्सनासुद्धा. चर्चमध्ये सगळ्यांच्या वर आवाज काढून चुकीच्या चालीवर गायचा. फादरनी हळू गायला सांगितलं तर म्हणाला, "फादर, देव लांब आहे."

असा माणूस. पस्तीस वर्षं मी त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहिलो. सैन्यातून सुटल्यावर मी इरिंगाला माझ्या माणसांत जाणार होतो, पण इथं मक्याच्या कोठारात नोकरी मिळाली म्हणून राहिलो. इरिंगालाही कोठारं होती, पण ते असो.

आणि पस्तीस वर्षं तो मला ज्याला त्याला दाखवत आला. "हे बघा माझं ओझं. लुकायाच्या दलदलीतून पाठीवर आणलं, अजून उतरलेलं नाही!" युगांडाच्या लढाईत, तोफांच्या माऱ्यात, तापानं फणफणलेल्या सेवेरिन किहवेलेला, म्हणजे मला, त्यानं चार किलोमीटर वाहून कसं आणलं ही गोष्ट इथली पोरंसोरंही सांगतात. दर नाताळाला माझी बायको आमच्या मुलाच्या, ग्रेगोरच्या, हातात एक कोंबडी देऊन त्याच्याकडे पाठवायची, नवऱ्याच्या जिवाबद्दल.

गोष्ट खरी आहे. फक्त उलटी आहे. दलदलीत बसला होता तो आणि उचललं होतं मी.

हे मी आजवर कुठंच लिहिलेलं नाही. लिहून बघितल्यावर तसं काहीच विशेष दिसत नाही.

संध्याकाळी गाउडेन्सनं जाहीर केलं की कबरीवर सिमेंटची पाटी बसवायची. तिच्यावर लिहायचं, 'यानं आपल्या सोबत्याला पाठीवरून आणलं.' सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका म्हातारीनं माझा हात हातात घेऊन थोपटला.

बोललेलं हवेत जातं. सिमेंटचं काय करायचं?

शनिवार, १२ जुलै

आकडा घेतला नाही. ग्रेगोर सकाळच्या बसनं म्बेयाहून आला. तिकडे शिक्षक आहे. मला तिथं न्यायचं म्हणतो, मी नाही म्हणतो, आणि मग आमच्यात बोलायला फारसं काही राहत नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

माती दुपारी तीनला होती. मी ठरवून गेलो होतो. उतानीत वाटेल ते बोलता येतं आणि राग धरता येत नाही. म्हणजे खरं बोलायला आयुष्यात यापेक्षा चांगली जागा मिळणार नव्हती. शवपेटी खड्ड्याशी आली तसा मी कोटासकट आत उतरलो आणि आडवा झालो.

"ऊठ रे हेहे!" गाउडेन्स वरून ओरडला. "ती जागा तुझी नाही!"

"नाही उठत! आधी ऐका, न्गोन्यांनो! तुमचा हा वाघ लुकायाला चिखलात बसून आईला हाका मारत होता! याला कोणी उचललं? मी! चार किलोमीटर मी वाहिलाय याला!"

हास्याचा असा स्फोट झाला की खड्ड्याच्या कडेची माती माझ्या तोंडावर पडली. "अगं बाई! उंदरानं हत्ती उचलला म्हणे!" कोणीतरी किंचाळली. फादर चष्मा काढून डोळे पुसत होते.

"खरं सांगतोय! शपथ घेतो!"

"शपथसुद्धा घेतोय! द्या, द्या त्याला दोन कोंबड्या," गाउडेन्स पोट धरून म्हणाला, "नाहीतर म्हणेल कंपाला पण मीच घेतलं!"

मग मला रडू फुटलं. आडवाच होतो, आवरलं नाही. वर टाळ्या पडल्या. "काय हुबेहूब रडतोय! पडद्यावरसुद्धा असं बघायला मिळणार नाही!" चौघांनी धरून मला वर काढलं. पाठीवर थापा पडल्या. गेल्या वीस वर्षांत अशी उतानी झाली नव्हती म्हणे.

एवढ्या माणसांत एकटा ग्रेगोर हसत नव्हता.

रविवार, १३ जुलै

ग्रेगोर अंगणात दाढी करत होता. आरसा पेरूच्या फांदीला टांगलेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, काल तुम्ही खड्ड्यात बोललात ते थट्टेनं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

त्यानं पातं धुतलं. पुन्हा धुतलं. "शाळेत मला ओझ्याचा मुलगा म्हणायचे. माहीत होतं तुम्हाला?"

"नव्हतं."

"दर नाताळाला कोंबडी घेऊन जायचो. ओस्मुंडकाका मला सगळ्यांसमोर उभं करून गोष्ट सांगायचे. मी मान खाली घालून ऐकायचो. मला वाटायचं, माझा बाप नेमका पडणाराच का असावा?" त्याचा आवाज चढला होता. "तुमचं नाव तुम्ही त्यांना दिलंत, तुमची मर्जी. माझं लहानपण का दिलंत?"

त्याला सांगितलं नाही ते इथं लिहितो. लढाईहून आलो त्या आठवड्यात बाजारातल्या दारूच्या दुकानात लोकांनी घेरलं होतं. ओस्मुंडनं गोष्ट रंगवायला घेतली आणि नावं उलटी केली. डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होता. आता मी उठणार, 'खोटारड्या न्गोन्या' म्हणून त्याला झोडपणार, हसं होणार. उतानी तशीच चालते. पण माझी नजर त्याच्या हातातल्या उलांझीच्या पेल्यावर होती. पेला थरथरत होता, बांबूची ती दारू बोटांवर सांडत होती. मी उठलो नाही. मी हसलो. झालं.

ग्रेगोरला एवढंच म्हणालो, "पाटी बसायच्या आधी सांगून येतो."

"मग सांगा," तो म्हणाला. परत जायचं त्यानं पुढच्या रविवारावर ढकललं.

मंगळवार, १५ जुलै

१७०/१००. मी मूर्ख आहे.

गाउडेन्स कबरीपाशी गवंड्याबरोबर वाळू चाळत उभा होता. मी टोपी काढली आणि सरळ, शांतपणे, एकही विनोद न करता सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

"माती कधी पडली?" त्यानं विचारलं.

"शनिवारी."

"माती पडली की मेलेल्यावरची थट्टा संपते. हे तुला मी शिकवायचं? शनिवारी बोललास ती उतानी होती. आज बोलतोयस ती शिवी आहे."

"शिवी नाही. घडलं ते सांगतोय."

"माझा भाऊ चिखलात बसून रडत होता?"

"हो."

गवंडी चाळण खाली ठेवून बाजूला झाला. गाउडेन्सचे ओठ पांढरे पडले होते. सत्तर वर्षांचा माणूस, मला वाटलं आता मारतो. पण त्यानं आवाजही चढवला नाही. म्हणाला, "येत्या शनिवारी सुतक उठतंय. सगळे जमतील. तिथं उभा राहा आणि सांग की ओस्मुंडनं तुला उचललं होतं. नाही सांगितलंस तर या घराची आणि तुझी उतानी तुटली. तू मेलास की न्गोन्यांच्यातलं कुत्रंही येणार नाही. तुला गुपचूप पुरतील."

मेल्यावर मला काय कळणार आहे? गुपचूप पुरा नाहीतर बँड लावून पुरा. घरी येईपर्यंत स्वतःला हेच बजावत होतो. जेवण मात्र गेलं नाही. हसल्याशिवाय फक्त अनोळखी माणसांना पुरतात. रस्त्यात सापडलेल्यांना.

गुरुवार, १७ जुलै

साखर आणायला गेलो होतो. दुकानवाली तेक्ला गेली वीस वर्षं मला बघून ओरडते, "आले पळपुटे हेहे! दाराला कडी लावा!" आज म्हणाली, "नमस्कार. काय देऊ?"

मी म्हणालो, "काय गं न्गोनीणबाई, जीभ गहाण टाकलीस का?"

तिनं साखर कागदात बांधली, दोन्ही हातांनी, अगदी आदरानं पुढे केली. "आणखी काही हवं का आपल्याला?"

आपल्याला! तोंडावर थुंकली असती तर बरं झालं असतं. पाणपोईवर तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. सगळं गाव माझ्याशी चांगलं वागतंय.

शुक्रवार, १८ जुलै

कुनिगुंडा वहिनी आल्या होत्या. ओस्मुंडची बायको. सुतकात बाहेर पडत नाहीत, तरी आल्या. ग्रेगोरनं खुर्ची दिली आणि बाहेर जाऊन बसला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कोणी कोणाला उचललं ते. झोपेत रडायचा ना तो. 'सेवेरिन, सोडू नको मला' म्हणायचा. लग्नाच्या पहिल्या पावसाळ्यापासून ऐकतेय."

इतकी वर्षं या बाईनं नाताळाची कोंबडी घेतली, आमच्यासमोर कापली, वाढली. मी विचारलं, "मग दिवसा तो उलटं का सांगायचा?"

"तुम्ही हसलात म्हणून." त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "त्याला वाटलं होतं तुम्ही उठून भांडाल, खोटं पाडाल. मग तोही हसला असता आणि खरं सांगून टाकलं असतं, थट्टेथट्टेत. तेवढीच हिंमत होती त्याच्यात. तुम्ही हसलात आणि त्याला मागे फिरायला वाट राहिली नाही. मग मोठमोठ्यानं सांगत सुटला."

मला हे पटत नाही. मी त्याच्यासाठी गप्प राहिलो होतो. बायकांना नवरा गेल्यावर काहीही सुचतं.

"उद्या ते म्हणतात तसं म्हणा," त्या उठता उठता म्हणाल्या. "माझ्या नातवंडांकडे त्याचं दुसरं काय आहे? एक कोट आणि ही गोष्ट. आणि तुमची माती तरी आमच्या माणसांच्या हातून नीट होईल. माझ्यासाठी म्हणा."

मी हो म्हणालो. वहिनींना मी कधी नाही म्हटलेलं नाही.

ग्रेगोरला सांगितलं. तो आपली बॅग भरायला लागला.

शनिवार, १९ जुलै

आजचं नीट लिहितो.

सकाळी दहाला जमलो. ताडपत्रीखाली साठ-सत्तर माणसं, पुढे गाउडेन्स, बाजूला बायकांत वहिनी. ग्रेगोर मागे उभा, बॅग पायाशी. उद्याचं सोडून आज दुपारच्याच बसनं निघणार होता. फादरनी प्रार्थना म्हटली. मग गाउडेन्स म्हणाला, "सेवेरिन किहवेले यांना काही सांगायचं आहे." सेवेरिन किहवेले. यांना. त्यानं जन्मात मला असं पुकारलं नव्हतं.

मी उठलो. वाक्य पाठ करून आणलं होतं, चार शब्दांचं. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हे खोटं मी आजपर्यंत एकदाही बोललेलो नाही. तो बोलायचा. मी नुसता गप्प. तेव्हा गप्प राहिलो ते त्याचा हात थरथरत होता म्हणून. आज बोललो असतो ते माझी माती चांगली व्हावी म्हणून. मेलेल्या दोस्ताच्या अंगणात उभं राहून, स्वतःच्या मयताची सोय लावण्यासाठी.

"मी त्याला उचललं," मी म्हणालो.

कोणीतरी जोरात श्वास घेतला. गाउडेन्स उठायला लागला.

"बस, गाउडेन्स. एकदाच बोलणार आहे. मी त्याला उचललं, पण तो भित्रा नव्हता. आमचा तिसरा सोबती मापुंडा त्याच्या शेजारी चालत होता. दोघं कुठल्याशा पोरीवरून हसत होते. गोळा पडला, आणि मापुंडा ओस्मुंडच्या अंगावर, तोंडावर, सगळीकडे होता. त्यानंतर तो खाली बसला. मी बसलो नाही, कारण माझ्या शेजारी कोणी मेलं नव्हतं. एवढाच फरक होता आमच्यात. दुसऱ्या दिवशी त्यानं बंदूक उचलली आणि पार कंपालापर्यंत माझ्यापुढे चालत गेला. हेही मीच पाहिलंय." मी गाउडेन्सकडे वळलो. "आता मला गुपचूप पुरा. माझी तक्रार नाही."

मी बसलो. कोणी हसलं नाही. गेल्या शनिवारी ज्यावर सगळे पोट धरून हसले होते, तेच आज ऐकून साठ-सत्तर माणसं जमिनीकडे बघत होती. ओस्मुंडचा थोरला नातू दहा-बारा वर्षांचा आहे. त्यानं आजोबांच्या कोटाची बाही घट्ट धरली होती. मला वाटलं, मी हे काय करून ठेवलं. वहिनींकडे बघायचा धीर होईना. शब्द दिला होता त्यांना.

तेवढ्यात त्यांचाच आवाज आला. "खरं आहे."

गाउडेन्स वळला. "वहिनी!"

"खरं आहे, भावोजी. मी हेहे नाही, थट्टा करायचा मला हक्क नाही. तो रोज झोपेत याच माणसाला हाका मारायचा." मग नातवाला जवळ ओढून म्हणाल्या, "मापुंडाबद्दल तुझ्या आजोबांनी मला कधी सांगितलं नाही रे. ते मला आज कळलं."

गाउडेन्सनं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, तिच्याकडेच बघत राहिला.  फादर काही बोलायला गेले, त्यानं हातानंच थांबवलं. मग मला म्हणाला, "पाटीवर काय लिहायचं?"

"नाव लिही. लष्करातला क्रमांक लिही. मापुंडाचंही नाव लिही, त्याची कबर कुठंच नाही."

त्यानं मान हलवली. त्याचे डोळे भरले होते आणि त्याला ते लपवायचे होते, म्हणून तो ओरडला, "आणि ऐक रे हेहे! तू मेलास की मी येणार! खड्ड्यात उतरणार आणि सगळ्यांना सांगणार, या भित्र्याला लुकायाच्या चिखलातून माझ्या भावानं पाठीवर वाहून आणलं! शपथ घेऊन सांगणार!"

सगळ्यात आधी तेक्लाला हसू फुटलं. मी मागे पाहिलं. ग्रेगोर बॅगेवर बसला होता, तोंड हातात धरून, आणि त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय ते इतक्या लांबून मला कळलं नाही. बस मात्र त्यानं सोडून दिली.

"घे शपथ," मी गाउडेन्सला म्हणालो. "कोणी विश्वास ठेवणार नाही."

मग आम्ही जेवायला बसलो.